पडद्यावरची रिकामी जागा

मंडळी, आजचे बोलणे मी एका चुकीपासून सुरू करणार आहे, आणि ती चूक माझीच आहे.

काही वर्षांमागे एका कचेरीने जुने सामान काढले, त्यातला सतरा इंची चौकोनी मॉनिटर मी घरी आणला. घरात एक छोटा संगणक होता. रास्पबेरी पाय त्याचे नाव. एकाच पट्टीवर सगळा संसार, आणि आकार म्हणाल तर तळहातावर मावेल एवढा. त्याला हा मॉनिटर जोडला. क्षणभर उजेड आला, आणि मग काळ्या पडद्यावर एक चौकट तरंगू लागली: ‘आउट ऑफ रेंज’. मी वायरी काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. शेवटी ‘जळाला असेल’ असे म्हणून तो भंगारवाल्याच्या हवाली केला. त्याने वजन करून पैसे दिले. पुढे कळले, की मॉनिटर धडधाकट होता. तो मला सरळ सांगत होता, की बाबा रे, तुझा संगणक ज्या चालीने बोलतो आहे ती मला झेपत नाही, जरा बेताने बोल. ती भाषा मला येत नव्हती, एवढेच.

आता काही शाळांतूनही हे छोटे संगणक आणि कुठून कुठून मिळालेले पडदे एकत्र नांदू लागले आहेत. तेव्हा ही भाषा मुळात आली कोठून, ते आज पाहू. त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जायला हवे.

१८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन या शास्त्रज्ञाने एक काचेची नळी तयार केली. आतली हवा काढून टाकलेली, एका टोकाकडून विद्युत्कणांचा किरण निघतो, दुसऱ्या टोकाच्या लेपावर आदळतो, आणि तेथे उजेडाचा एक ठिपका उमटतो. लोहचुंबकाने किरण वाकवता येतो, म्हणजे ठिपका हवा तिकडे नेता येतो. पुढे दूरचित्रवाणीचा पडदा झाला तो याच नळीचा. एकच ठिपका, पण तो इतक्या वेगाने सगळ्या पडद्यावरून फिरवायचा, की आपल्या डोळ्यांना अखंड चित्र भासावे.

कसा फिरवायचा? गुरुजी फळ्यावर लिहितात तसा. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग हात उचलून पुन्हा डावीकडे, जरा खाली, दुसरी ओळ. फळा भरला की पुन्हा वरच्या कोपऱ्यात. इंग्रजीत या ओळींच्या जाळ्याला रास्टर म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या दाताळ्याच्या नावावरून आला आहे. वाफ्यात दाताळे ओढले की जशा समांतर रेघा उठतात, तशाच या.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. ओळ संपली की गुरुजींचा हात परत डावीकडे यायला थोडा वेळ लागतो, आणि त्या वेळात खडू फळ्याला लागत नाही. किरणाचेही तेच. त्याला परतायला वेळ लागतो, आणि परतताना तो विझलेला असावा लागतो. नाहीतर चित्रावर तिरप्या रेघांचा सडा पडेल. म्हणून चित्राच्या संदेशात प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडावी लागली, आणि पूर्ण पडदा संपला की त्याहून मोठी. त्या रिकाम्या जागेच्या पोटात एक इशारा असतो: ‘परत फीर.’ इशाऱ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मोकळ्या जागेला इंजिनियरांनी घराचेच शब्द दिले. त्यांच्या भाषेत ती पुढची आणि मागची पोर्च. आपण पुढची ओसरी आणि मागची पडवी म्हणू या. नाव ठेवणारा माणूस घर बांधून राहिलेला असावा, असे मला उगाचच वाटते.

लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड याने २६ जानेवारी १९२६ रोजी आपले यंत्र लोकांपुढे ठेवले, तेव्हा चित्रात उण्यापुऱ्या ३० ओळी होत्या. चेहरा ओळखू येई, इतकेच. त्याच्या यंत्रात नळी नव्हती, भोके पाडलेली फिरती चकती होती. दहा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी. बी. सी.ने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित कार्यक्रम सुरू केले, तेव्हा दोन पद्धती एकमेकींसमोर उभ्या होत्या: बेअर्डची २४० ओळींची आणि मार्कोनी-ई. एम. आय. कंपनीची ४०५ ओळींची. आलटूनपालटून दोन्ही चालवून पाहिल्या आणि १९३७च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धत बंद केली. त्या ४०५ ओळी मात्र ब्रिटनमध्ये १९८५च्या जानेवारीपर्यंत टिकल्या.

गुरुजनहो, येथे वर्गात देण्याजोगे एक गणित आहे. इंग्लंडात ४०५ ओळी, अमेरिकेने १९४१ साली ठरवल्या ५२५, आणि युरोपात पुढे आल्या ६२५. या विचित्र संख्या कशाला? सरळ चारशे, पाचशे, सहाशे का नाहीत? मुलांना त्यांचे अवयव पाडायला सांगा. ४०५ म्हणजे चार वेळा ३ आणि एकदा ५. ५२५ म्हणजे ३, ५, ५ आणि ७. ६२५ म्हणजे चार वेळा ५. सगळे अवयव लहान आणि सगळे विषम. कारण असे, की चित्र दोन हप्त्यांत रंगवत: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. एकूण संख्या विषम असली, की पहिला हप्ता अर्ध्या ओळीवर संपतो आणि दुसऱ्या हप्त्याच्या ओळी आपोआप मधल्या फटींत बसतात. आणि लहान अवयव यासाठी, की तेव्हाच्या निर्वात नळ्यांच्या मंडलांना मोठ्या संख्येने भागायला जमत नसे. तीनाने, पाचाने, साताने भागणे त्यांना विश्वासाने करता येई. म्हणून भागाकार टप्प्याटप्प्याने करायचा. हातचे घेऊन गणित करणाऱ्या मुलासारखीच ती मंडले होती, म्हणा ना.

चित्र सेकंदाला किती वेळा रंगवायचे, हे घरातल्या विजेने ठरवले. अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तिथे हप्तेही ६०. युरोपात वीज ५० आवर्तनांची, म्हणून हप्ते ५० आणि पूर्ण चित्रे २५. आपली वीजही ५० आवर्तनांची. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी आली ती ६२५ ओळींचीच. ६२५ला २५ने गुणा: १५,६२५. किरण सेकंदाला इतक्या वेळा डावीकडून उजवीकडे जाई. त्या जुन्या संचांतून एक अगदी बारीक शीळ येत असे, आठवते का? ती हीच. लहान मुलांना ती शेजारच्या खोलीतूनही ऐकू येई, आणि आजोबा म्हणत, ‘कसली शीळ? मला नाही बुवा ऐकू येत.’ दोघेही खरेच बोलत होते. वय वाढले की इतका उंच स्वर कानांना पकडता येत नाही.

त्या ६२५ ओळींपैकी चित्राला मिळत ५७६. बाकीच्या ४९ किरणाच्या परतीच्या वाटेवर खर्च होत.

आता संगणकाकडे वळू. १९८७च्या एप्रिलमध्ये आय. बी. एम. कंपनीने नवे संगणक काढले आणि त्यांच्याबरोबर व्ही. जी. ए. नावाची चित्रपद्धती आली. तिचे चित्र ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच. ठिपका म्हणजेच पिक्सेल. पण हे झाले दिसणारे चित्र. संगणक प्रत्यक्षात एका ओळीला ८०० ठिपक्यांचा वेळ देतो: ६४० चित्राचे, १६ पुढच्या ओसरीचे, ९६ ‘परत फीर’ या इशाऱ्याचे आणि ४८ मागच्या पडवीचे. उभ्या अंगाने ४८० अधिक १० अधिक २ अधिक ३३. बेरीज करून पाहा. ५२५ येते! १९४१च्या अमेरिकी दूरचित्रवाणीचा आकडा, जसाच्या तसा. संगणकाच्या मॉनिटरातही नळी तीच होती, तेव्हा मोजमापही त्याच घराण्यातले. ८०० गुणिले ५२५, आणि हे सेकंदाला जवळजवळ ६० वेळा. म्हणून ठिपक्यांचा वेग सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार.

पुढे जो तो कारखानदार आपापली मापे काढू लागला. त्यांना एका ओळीत बसवण्यासाठी १९८९ साली व्हेसा नावाची संस्था निघाली. तिने मापांचे तक्ते केले. मग तक्ते पुरेनात म्हणून ओसरी-पडवीचा हिशेब करणारे सूत्र दिले, आणि २००३ साली त्याहून सुधारलेले सूत्र, ज्याला सी. व्ही. टी. म्हणतात. मधल्या काळात, १९९०च्या दशकात, लिनक्स वापरणाऱ्या हौशी माणसांना हे सारे आकडे हाताने मांडावे लागत. त्या ओळीला ते मोडलाइन म्हणत. चूक झाली तर नुसते चित्र बिघडत नसे. काही जुन्या नळीच्या मॉनिटरांना भलताच वेग दिला तर ते खरोखर जळत. आकडेमोडीतली चूक धुराने कळण्याची ही एक दुर्मिळ संधी!

हा ताप वाचवणारी युक्ती व्हेसाने १९९४ साली आणली. मॉनिटरच्या पोटातच एक चिमुकली स्मृती ठेवायची आणि तिच्यात १२८ बाइटांची पत्रिका लिहून ठेवायची: घराणे कोणते, जन्मवर्ष कोणते, कोणकोणती मापे मानवतात. तिला ई. डी. आय. डी. म्हणतात. वायर जोडली की संगणक आधी ती पत्रिका मागून घेतो आणि जुळेल तेच चित्र पाठवतो. २००२च्या डिसेंबरात एच. डी. एम. आय. हे नवे जोडणीमान ठरले, तेव्हा पत्रिकेची रीत तशीच पुढे चालू राहिली.

पण पत्रिका खोटी निघाली तर? किंवा मुळी पोचलीच नाही तर? जुना मॉनिटर आणि नवा संगणक यांच्यामध्ये आपण एखादा स्वस्तातला कन्व्हर्टर घालतो. कधी तो पत्रिका पुढे पाठवीतच नाही, कधी स्वतःचीच पाठवतो. मॉनिटर १२८० बाय १०२४चा, आणि मध्यस्थ छातीठोकपणे सांगतो, ‘मुलगा १९२० बाय १०८०चा आहे!’ संगणक बिचारा विश्वास ठेवतो. माझ्या चौकोनी मॉनिटरचे बहुधा असेच झाले. दोष ना वराचा ना वधूचा.

तेव्हा अशा वेळी पत्रिका बाजूला ठेवून संगणकाला आपणच माप सांगावे लागते. रास्पबेरी पायमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. तो जन्मला इंग्लंडातील केंब्रिज येथे. तिथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एबन अप्टन यांना दिसले, की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्याही घटते आहे आणि हाताने काही करून पाहण्याची तयारीही. १९८१ सालच्या बी. बी. सी. मायक्रो संगणकावर एक पिढी शिकली होती, तोही केंब्रिजचाच. तसे काही पुन्हा करावे म्हणून २००६ पासून खटपट झाली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी हा संगणक विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. त्याला एच. डी. एम. आय.चे तोंड होते, आणि शेजारी जुन्या टीव्हीसाठी पिवळे तोंडही. म्हणजे १५,६२५ची शीळ घालणाऱ्या पेटीशीसुद्धा तो बोलू शके.

साध्या संगणकाप्रमाणे सुरुवातीलाच मापे विचारणारी व्यवस्था त्यात नव्हती. मापे मेमरी कार्डावरच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची. तिचे नाव कॉन्फिग डॉट टीएक्सटी. वीज दिली की चित्र काढणारा भाग सर्वांत आधी जागा होतो, ती फाइल वाचतो आणि मग पुढचे सगळे सुरू होते. मला ही पद्धत फार आवडते. फाइल कोणत्याही संगणकावर उघडता येते, आणि चुकून पडदा काळा झाला तरी कार्ड काढून दुसरीकडे दुरुस्त करता येते. फक्त हात लावण्याआधी मूळ फाइलीची एक नक्कल करून ठेवा. मी ठेवली नव्हती, तेव्हाचे सांगत नाही.

परवा एका शाळेत याचा उपयोग झाला. बाईंनी सात इंची छोटा पडदा आणला होता, १०२४ बाय ६००चा. चित्र येत होते, पण अक्षरे पुसट, आणि खालची पट्टी गायब.

“बघा ना सर, बंद करायचं बटणच दिसत नाही. परत पाठवू का हा?” बाई म्हणाल्या.

“थांबा बाई,” मी म्हटले, “भंगाराचा एक अनुभव मला पुरे आहे.”

१०२४ बाय ६०० हे माप व्हेसाच्या तक्त्यात नाही. म्हणून फाइलीत तीन ओळी लिहिल्या. पहिली, एच. डी. एम. आय. ग्रुप बरोबर २, म्हणजे टीव्हीचा गट नव्हे, मॉनिटरचा. दुसरी, एच. डी. एम. आय. मोड बरोबर ८७, म्हणजे तक्ता सोड, माप मी सांगतो. तिसरी, एच. डी. एम. आय. सीव्हीटी, आणि तिच्यापुढे सात आकडे, मधे नुसती मोकळी जागा: १०२४, ६००, ६०, ६, ०, ०, ०. रुंदी, उंची, सेकंदाला किती वेळा, मग आकाराचा क्रमांक, आणि तीन शून्ये. आकाराच्या यादीत १०२४ला ६०० हे प्रमाण नाही. सातवीच्या मुलांना भागायला लावले: १.७०७ आले. यादीतला १६ला ९ म्हणजे १.७७८, १५ला ९ म्हणजे १.६६७. जवळचा कोणता? १५ला ९, आणि त्याचा क्रमांक ६.

कार्ड घातले, वीज दिली, आणि चित्र पडद्यात नेमके बसले. अक्षरे सुईच्या टोकासारखी.

मग आम्ही सूत्र काय करते ते फळ्यावर मांडले. दिसणारे ठिपके १०२४, पण पूर्ण ओळ १३१२ची. दिसणाऱ्या ओळी ६००, पण एकूण ६२४. (६२५ला एक कमी, हा मात्र निव्वळ योगायोग.) मुलांनी गुणाकार केले: दिसणारे ६,१४,४००, एकूण ८,१८,६८८. म्हणजे वेळेचा पाव हिस्सा रिकामा जातो.

एका मुलाने विचारले, “सर, पण ह्या पडद्यात किरण आहे का?”

“नाही. ही चपटी पट्टी आहे. नळी नाही, किरण नाही.”

“मग तो कुणाच्या परत येण्याची वाट बघतो?”

प्रश्न बरोबर होता, मंडळी. ज्याच्यासाठी ती जागा सोडली तो किरण या पडद्यात कधीच नव्हता. पण जागा सोडण्याची रीत राहिली. सूत्र करणाऱ्यांनाही हे कळत होते. म्हणून २००३च्या सूत्रात चपट्या पडद्यांसाठी एक पर्याय ठेवला आहे, ज्यात ओळीमागे फक्त १६० ठिपक्यांची जागा सुटते. सातांतला शेवटचा आकडा ० ऐवजी १ केला, की तो पर्याय लागू होतो. आम्ही करून पाहिला. त्या पडद्याला मानवला नाही, काळा झाला. पुन्हा ० लिहिले. काही पडद्यांना चालतो, काहींना नाही. त्यात पडद्याचा कमीपणा काही नाही.

एक सूचना करायची राहिली. शाळेतल्या कार्डावरची कार्यप्रणाली जुनी होती, म्हणून या ओळी चालल्या. २०२१च्या नोव्हेंबरनंतरच्या आवृत्तींत पडद्याचा कारभार लिनक्सच्या गाभ्याकडे गेला, आणि एच. डी. एम. आय.च्या बहुतेक जुन्या ओळी तेथे कोणी ऐकत नाही. तेथे शेजारच्या फाइलीत, सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये, माप सांगावे लागते: ‘व्हिडिओ’ हा शब्द, बरोबरीचे चिन्ह, तोंडाचे नाव (पहिल्या तोंडाचे एचडीएमआय-ए-१), दोन टिंबे, मग १०२४, इंग्रजी एक्स, ६००, लगेच एम हे अक्षर, ॲटचे चिन्ह आणि ६०. त्यातला एम म्हणजे ‘सी. व्ही. टी.च्या सूत्राने काढ’. सगळे सलग, मधे जागा नाही. आणि ती पूर्ण फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे. एंटर मारून नवी ओळ केलीत तर संगणक कदाचित सुरूच होणार नाही. २०२३च्या आवृत्तीपासून या दोन्ही फाइली बूटच्या पोटात फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये दिसतात. कार्ड दुसऱ्या संगणकात घातले, तर मात्र त्या समोरच सापडतात.

‘आउट ऑफ रेंज’ची चौकट दिसली तर काय करायचे, ते मला आता ठाऊक आहे. चौकोनी सतरा इंची मॉनिटरला आकडेमोडही लागत नाही. त्याचे १२८० बाय १०२४चे माप तक्त्यातच आहे. जुन्या पद्धतीच्या कार्डावर ग्रुप २, मोड ३५, एवढ्या दोन ओळी. दोन ओळींसाठी मी तो वजनावर विकला.

आम्ही निघालो तेव्हा त्या मुलाने वहीचे पान फाडून त्यावर ते सात आकडे लिहिले होते, आणि बाई ते पडद्याच्या पाठीमागे चिकटपट्टीने लावत होत्या.